दोनदा वाकलेली मावशी

तीर्थस्वरूप मावशीस,

टिल्लूचा नमस्कार. हा नेहमीचा उभ्याउभ्या उरकलेला नमस्कार नाही. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून केलेला आहे, आणि तू पत्र शेवटपर्यंत वाचेस्तोवर मी वर उठणार नाही असं समज. तुझा गुडघा कसा आहे? (डावा. विसरलेलो नाही. पुतळ्यात त्याच गुडघ्याला पट्टा बसवताना माझे स्वतःचे दोन्ही गेले, त्यामुळे विसरणं शक्य नाही.) डोळ्यांत घालायचं औषध वेळेवर घालतेस ना? जिन्याखालच्या मांजरीला पिल्लं झाली असं आईकडून कळलं. ती सगळी सुखरूप असोत आणि तुझ्या बुटांत शिरत नसोत. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे आई बरी आहे. मी कसा आहे ते तूच पत्र वाचून ठरव.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. विचारशील कसली, पाकीट पाहूनच ओरडली असशील. तर मावशी, फोनवर तू बोलतेस आणि मी हो म्हणतो. आपलं आजवरचं सगळं बोलणं असंच झालेलं आहे आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही, पण आज जे सांगायचं आहे ते एका हो मध्ये मावत नाही. शिवाय राग आला तर पत्र फाडता येतं. फोन फाडता येत नाही, मग माणूस फोनवरच्या माणसाला फाडतो.

विषयाला येतो. रविवारी पोहण्याच्या तलावावर तुझ्या पुतळ्याचं अनावरण आहे, हे तुला ठाऊक आहे. तुझी अटही मला तोंडपाठ आहे, की मी आयुष्यात जे कधी केलं नाही ते करताना मला दाखवलंत तर मी येणार नाही, आणि आलेच तर पुतळ्यावरचं कापड ओढून त्यात तुलाच गुंडाळीन. पुतळा तयार आहे, मावशी. रंगवून झाला, काठावर पक्का बसवूनही झाला. चेहरा तुझाच आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. तलावाचा रखवालदार कापडाखाली डोकावला आणि तोंडातलं च्युइंगम गिळून बाहेर आला. फक्त पुतळ्यात तू जे करते आहेस ते आपलं ठरलं होतं ते नाही. काय करते आहेस ते इतक्यात सांगणार नाही, कारण सांगितलं की तू पत्र इथंच ठेवशील, आणि रविवारी तुझं येणं अत्यंत जरुरीचं आहे. तू आली नाहीस तर तुझ्या माजी विद्यार्थ्यांचं मंडळ पुतळा परत पाठवणार, आणि आमच्या दुकानाच्या मालकीणबाई मला माणसांच्या कामावरून काढून जन्मभर दाराच्या मुठी करायला बसवणार. त्यांनी तसं शांत आवाजात सांगितलं आहे. ओरडून सांगितलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो.

आमचं दुकान तू पाहिलेलं नाहीस म्हणून सांगतो. खाली टायरवाला, वर आम्ही. पुढच्या खोलीत मी आणि माझा कॉम्प्युटर, मागच्या खोलीत छपाईवाला आणि त्याचं यंत्र. हे यंत्र कागदावर छापत नाही, खालून वर प्लास्टिकचा एकेक पदर चढवत अख्खी वस्तूच उभी करतं. ते चालू असलं की मागून जळक्या प्लास्टिकचा वास आणि खालून रबराचा, त्यामुळे आमच्याकडे डबे जसे आणले तसे घरी परत जातात. मालकीणबाईंचा मूळ धंदा दाराच्या मुठींचे नमुने आणि कवळ्यांचे साचे. कवळ्यांमुळेच तुझे डॉक्टर आमच्याकडे आले. (तुझे म्हणजे दातांचे, तलावाच्या माजी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष. लहानपणी खोल बाजूला गटांगळ्या खात असताना तू ज्यांना काठीचा आकडा चड्डीत अडकवून बाहेर ओढलंस, तेच. अजूनही ती गोष्ट सांगताना त्यांचा हात आपोआप पाठीमागे जातो.) मंडळाला तुझा पूर्ण उंचीचा पुतळा हवा होता. मालकीणबाई मुठींवरून एकदम माणसावर उडी घ्यायला तयार नव्हत्या, पण मी छाती ठोकून म्हणालो, की ती माझी सख्खी मावशी आहे, मला ती पाठ आहे. त्या वाक्याचा मला आता फार पश्चात्ताप होतो.

आता आमच्या कामाची रीत ऐक, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल आणि त्यात माझी चूक किती नि नशिबाची किती हे तुला ठरवता येईल. कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायची म्हणजे पडद्यावर ओली माती आहे असं समज. दाबली की खड्डा, ओढली की नाक. पण माणूस घडवताना तो आधी सरळ उभा करायचा, दोन्ही हात आडवे पसरून, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखा. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. काखेत शिरायला जागा मिळते, आणि एक बाजू केली की दुसरी आपोआप होते. (या सोयीपायी आधी तुझ्या दोन्ही मनगटांवर घड्याळं आली होती आणि दोन्ही हातांत काठ्या. तशी तू फारच भयंकर दिसत होतीस. मी ते चित्र ठेवून दिलं आहे.) तू हात पसरून पडद्यावर उभी असायचीस तेव्हा मालकीणबाई येताजाता दचकायच्या. त्यांना वाटायचं ही बाई मिठी मारायला आली आहे.

सरळ माणूस पुरा झाला की मग त्याला वाकवायचा, म्हणजे त्याची पोझ करायची. आपलं ठरलं होतं, की तू काठावर जराशी पुढं झुकलेली, गुडघे किंचित मोडलेले, डावा हात पुढं, उजव्या हातात काठी, तोंडात शिट्टी, पाण्यातल्या कुणाला तरी पाय मार, पाय मार म्हणून सांगणारी. हे अंगाचं वळण नीट समजावं म्हणून मी आईला स्टुलावर उभं केलं. तुम्हा दोघींची ठेवण एकच. हातात फरशी पुसायची काठी, तोंडात शिट्टी म्हणून चमचा, डोक्यावर माझी टोपी, आणि मी खाली बसून तिला सांगतो आहे की आई, चेहऱ्यावर जरा मावशीसारखा राग आण. तिला राग येईना. ती हसायलाच लागायची आणि चमचा पडायचा. त्यातच विजेचं मीटर वाचणारा माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मीटर न बघताच काहीतरी आकडा लिहिला आणि चालता झाला. या महिन्याचं बिल फार कमी आलं आहे.

तर वाकवणं. मूळ दुखणं इथं आहे. सॉफ्टवेअरला माणूस आणि त्याच्या अंगावरच्या वस्तू यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी तू, तुझा ट्रॅकसूट, टोपी, चष्मा, शिट्टी, घड्याळ, काठी हा सगळा एकच पिठाचा गोळा. ट्रॅकसूट वाकला तर हरकत नाही, कापडाने वाकायचंच असतं. पण मी तुझी मान वळवली तर चष्माही मानेबरोबर वळला आणि पिळलेल्या फडक्यासारखा कानाशी जाऊन बसला. हात पुढं केला तर काठी मनगटापाशी मऊ पडली आणि शिजलेल्या नूडलसारखी पाण्याकडे लोंबायला लागली. शिट्टी गालावर सपाट झाली. आणि त्या सगळ्या पडझडीत तुझा चेहरा मात्र तसाच, कडक. मला तर वाटलं की पुतळा आता मलाच शिट्टी मारणार.

कडक वस्तूंचा नियम असा, की त्यांना वाकवायचं नाही, उचलायचं. मावशीच्या अंगावरून आधी त्या काढून घ्यायच्या, मावशीला एकटीला वाकवायची, आणि मग ती वस्तू होती तशी अखंड उचलून वाकलेल्या अंगावर नेमकी बसवायची. चष्मा असेल तर नाकाचं हाड आणि दोन कान, अशी तीन ठिकाणं जुळली पाहिजेत. एक जरी सुटलं तरी माणूस झोपेतून उठल्यासारखा दिसतो. घरातही तसंच आहे की. काही माणसं प्रसंग पाहून वाकतात आणि काहींना आहे तसं उचलून जागेवर ठेवावं लागतं. (कुणाचं नाव घेत नाही. मी कपाळ जमिनीला लावून बसलो आहे हे लक्षात असू दे.)

हे सगळं मी शिकलो, सगळ्या वस्तू जागच्या जागी बसवल्या, आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला की मी चष्मा बदलला, पुतळ्यालाही बदल. मावशी, सरळ माणसाचा चष्मा दुकानात बदलतात. वाकलेल्या माणसाला आधी परत सरळ करावं लागतं, हात पसरायला लावावे लागतात, नवा चष्मा घालावा लागतो, परत वाकवावं लागतं, चष्मा परत उचलावा लागतो आणि परत तीन ठिकाणी टेकवावा लागतो. जुना चौकोनी होता, नवा गोल. मी हो म्हणालो. केला. मग तू म्हणालीस, शिट्टी प्लास्टिकची नाही, पितळेची, आणि तिच्यात वाटाणा हवा. पुतळ्याच्या शिट्टीतला वाटाणा कोण बघणार, असं मी मनात म्हटलं आणि तोंडाने हो म्हटलं. (घातला आहे. जन्मात कुणाला दिसणार नाही, पण घातला आहे.) मग घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, कारण किती वेळ उरला हे तू पोरांना कळू देत नाहीस. मग टोपी जरा वर. मग गुडघ्याचा पट्टा, आणि त्याच्यातल्या त्या लोखंडी पट्ट्या. मग चष्मा परत चौकोनी, कारण गोल चष्म्यात तू मवाळ दिसतेस असं खुद्द चष्मेवाल्यानेच तुला सांगितलं. दर फोनला मावशी सरळ, मावशी वाकडी, परत सरळ, परत वाकडी. माझ्या तर नाकी नऊ आले. डोळा लागला की तू स्वप्नात उठाबशा काढायचीस, तेसुद्धा माझ्याकडे रागाने बघत.

या उठाबशा वाचवायला आमच्यात एक सोय असते. वाकणं हे वेगळ्या थरात ठेवायचं. थर चालू केला की मावशी वाकते, बंद केला की सरळ. पंख्याचं बटण दाबावं तसं. कडक वस्तूंना मात्र हा थर लागू नाही, त्या हातानेच उचलून बसवायच्या. ही युक्ती सापडली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मालकीणबाईंना बोलावून तुला पुन्हा पुन्हा वाकवून दाखवली. त्यांनी पाहिलं, आणि मुठी कधी होणार तेवढं विचारून त्या निघून गेल्या.

आणि मग काठीचा फोन आला. काठीला पकडायच्या जागी रबर आहे आणि टोकाचा आकडा उजवीकडे वळलेला आहे, डावीकडे नाही, असं तू म्हणालीस. छपाई दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती, मागच्या खोलीतून छपाईवाला सारखा झालं का, झालं का करत होता, आणि त्या घाईत मी थर बंद करायचा विसरलो. वाकलेल्या मावशीलाच सरळ मावशी समजून जपून ठेवलं, काठी नवी केली, आणि सवयीने तिच्यावर वाकण्याचा थर पुन्हा लावला. झालं! वाकलेली मावशी परत तेवढीच वाकली. जराशी झुकलेली होतीस ती पार पुढं गेलीस. किंचित मोडलेले गुडघे चांगलेच मोडले. पुढं केलेला डावा हात डोक्याच्याही पलीकडे गेला, काठीचा उजवा त्याच्या जोडीला आला, आणि अशा दुपटीत अवयव ताणले जातात म्हणून दोन्ही हात कोपरापुढं वीतभर लांब झाले.

कुणीही म्हणेल, अरे गाढवा, तुला दिसलं कसं नाही? मावशी, दिसलं. मला हे दिसलं की तुझा चष्मा हवेत आहे. त्याच्यावर टोपी, रिकामी. शिट्टी एकटीच, वाटाण्यासकट. घड्याळ, पट्टा, काठी, सगळं जिथल्या तिथं लटकलेलं आणि आत मावशी नाही. कारण कडक वस्तूंना थर नव्हता ना. त्या बिचाऱ्या एकदाच वाकलेल्या मावशीच्या जागेवर इमानाने उभ्या होत्या. पण आता तूच सांग, इतके दिवस चूक नेहमी कुणाची निघायची? चष्म्याची. दर वेळी मावशी बरोबर आणि चष्मा सरकलेला. आणि तुझ्या बाबतीत तर मला बाळपणापासून हेच शिकवलं आहे की मावशी बरोबर असते. तेव्हा चष्माच हलला असणार असं धरून मी कपाळावर हात मारला, बाह्या सरसावल्या आणि एकेक वस्तू उचलून तुझ्या मागोमाग नेली. त्या खोलीत तेवढ्याच वस्तू खऱ्या होत्या, आणि त्यांनाच मी खोटं पाडलं.

अख्खी मावशी मी पाहिलीच नाही, हे खरं. पण चष्मा टेकवताना नाक कपाटाएवढं करून बघावं लागतं. नाक कपाटाएवढं असलं की पाय कुठल्या गावात आहेत ते कळत नाही. शिवाय पडद्यावर जमीन नसते. माझी मान अवघडू नये म्हणून मी तिथली सगळी दुनियाच फिरवून तुझा चेहरा माझ्यासमोर सरळ आणून ठेवला होता. माणूस उभा आहे की पडतो आहे हे कळायला शेजारी काहीतरी उभं असावं लागतं; तिथं तू एकटीच होतीस. आणि काय सांगू, इतकं सुरेख काम मी आयुष्यात केलं नव्हतं. चष्मा तिन्ही ठिकाणी केसाचीही फट न ठेवता टेकला. टोपी अशी बसली की जणू जन्मतःच होती. मी सगळं मागच्या खोलीत पाठवलं आणि घरी जाऊन गाढ झोपलो. त्या दिवशी तू स्वप्नातसुद्धा आली नाहीस.

यंत्राने तुला तुकड्यातुकड्यांनी छापलं. तुकड्यांत कुणाला काय कळणार? पोटरी ही पोटरीच दिसते. (हात जरा लांब वाटतात, असं छपाईवाला म्हणाला होता. पोहणाऱ्यांचे असतात, असं मी त्याला जरा तोऱ्यातच सांगितलं.) मग तुकडे चिकटवले आणि तू पडायला लागलीस. आम्ही दोघांनी धरून उभी करायची, हात सोडला की तू तोंडावर. पायाखाली लाकूड घाल, टाचेला वीट लाव, काही केल्या उभी राहीनास. कोण पडतंय म्हणून बघायला खालचा टायरवाला वर आला, तर तू त्याच्याच अंगावर. त्याला तुझ्या खालून काढलं, पाणी पाजलं, तरी तो माफी मागत होता. तुझीच. तेवढ्यात मालकीणबाई आल्या, दाराशीच थांबल्या, मान तिरकी करून तुझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ही उभी कुठं राहते आहे? ही तर सूर मारते आहे.”

सांगून टाकलं एकदाचं. मावशी, तू पाण्यात सूर मारते आहेस. चष्मा, शिट्टी, टोपी, घड्याळ, गुडघ्याचा पट्टा आणि आकड्याची काठी, सगळ्यानिशी. आणि चष्मा जागचा हललेला नाही.

परत छापायला ना वेळ होता ना प्लास्टिक. मालकीणबाई मला काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही, कारण त्यात माझ्या आईच्या वळणाचाही उल्लेख होता आणि ती तुझी बहीण आहे. मग त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं, खरं काय ते सांगून टाकायला. डॉक्टर आले. त्यांनी पुतळा पाहिला, स्वतःचा चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला आणि खुर्चीत बसून रडायला लागले. म्हटलं संपलं, आता मुठी. तर डॉक्टर म्हणतात, “अगदी अश्शाच आल्या होत्या!” मी चाचरत म्हटलं, डॉक्टर, तुम्हीच सांगत होता ना, काठावरून, आकडा, चड्डी वगैरे. तर म्हणाले, हो, काठी होतीच, ही काय हातात आहे, पण बाई स्वतः आल्या होत्या पाण्यात, काठी घेऊन, मला आत्ता आठवलं. मग त्यांनी मंडळातल्या लोकांना फोन केले. लोक आले आणि एकेकाला आठवायला लागलं. बँकेतल्या एका बाईंना आठवलं की तू रोज आधी स्वतः सूर मारायचीस आणि मग शिकवायचीस. एका जाड्या गृहस्थांना आठवलं की चष्मा तू पाण्यातही काढायची नाहीस आणि तो कधी पडायचा नाही. दुसरे म्हणाले, हात लांबच होते हो बाईंचे. अशी सगळी मंडळी माझ्या डोळ्यांदेखत आपापल्या आठवणी दुरुस्त करून घरी गेली. पुतळ्याला कुणी हात लावू देईना. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मालकीणबाईंकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून मान डोलावली.

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं हे मला कळतं. पण मावशी, एक सांगू? रागावू नकोस. तू त्या पुतळ्यात फार छान दिसतेस. कुणासाठी तरी तुला इतकी घाई झाली आहे की चष्मा काढायलाही सवड नाही, असं वाटतं बघताना. आईला नेऊन दाखवला तर तिने पदराने तुझा चष्मा पुसला. मला तू फार आवडतेस, मावशी. फोनवर हे सांगायला तू मध्ये जागाच ठेवत नाहीस, म्हणून इथं लिहितो. चूक माझी आहे, थर मीच बंद केला नाही. पण या चुकीसाठी त्या माणसांना रविवारी रिकाम्या खुर्चीसमोर बसवू नकोस. अट मोडली म्हणून मला हवं तर कापडात गुंडाळ, मी आपणहून आत शिरतो, पण ये.

पत्र फार लांबलं. आता कपाळही दुखायला लागलं. लहानांना आशीर्वाद देण्याएवढं माझं वय नाही आणि मोठ्यांत तू आणि आईच आहात, आई समोरच बसली आहे, तेव्हा उरलेले सगळे नमस्कार तुलाच.

तुझा (रविवारपर्यंत तरी नक्की) भाचा,
टिल्लू

ता. क. येताना चौकोनी चष्माच घाल. मधल्या काळात परत बदलला असशील तर मला सांगू नकोस.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण हेच होतं, पण वर कुठं बसेना. तलावाच्या दारावर मोठा फलक लागला आहे. लावू नका असं मी म्हणणार होतो, तोवर खिळे ठोकून झाले होते. अनावरण झाल्याबरोबर बाई स्वतः पुतळ्याशेजारून पाण्यात सूर मारून दाखवतील, असं त्यावर लिहिलं आहे. डॉक्टरांची कल्पना. खुर्च्या सांगून झाल्या आहेत, लोक पुढच्या रांगेसाठी आत्तापासून भांडत आहेत. तेव्हा येताना पोहण्याचा पोशाख घेऊन ये.

शेवटचा ता. क. त्या फलकावर लावायला डॉक्टरांनी तुझा पाण्यातला एखादा फोटो मागितला होता, म्हणून मी आईचं कपाट उपसलं. तलावावरचे तुझे ढीगभर फोटो निघाले. सगळ्यांत तू कोरडी आहेस. पायात बूट, बुटांत मोजे. मग मी आठवून बघायला लागलो, आणि बाकी सगळ्यांना जे आठवलं त्यातलं मला एकट्याला काहीच आठवेना. तेव्हा अगदी सहज विचारतो, फोन करून ओरडू नकोस, नुसतं हो किंवा नाही कळव. मावशी, तुला पोहता येतं ना?

ताई,

पाकीट चिकटवायला टिल्लूने माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलं. मी त्याला काही बोललेले नाही. आजवर कुणालाच बोललेले नाही. शाळेने पोहणं शिकवायला तुझं नाव तलावावर घातलं आणि तुला नाही म्हणता आलं नाही, तेव्हा दार लावून घेऊन पलंगावर पालथी पडून हातपाय मारून बघायचीस, ते मी फटीतून पाहिलेलं आहे. मग दुसऱ्या दिवशी तेच आम्हाला काठावरून ओरडून सांगायचीस. ताई, त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं गं. मी आजही तशीच पोहते.

तू रविवारची वाट बघू नकोस, गुरुवारीच ये. सकाळी तलाव मोकळा असतो. मला एकटीला पोहायचं आहे म्हणून रखवालदाराला सांगून ठेवलं आहे. सूरबीर काही मारायचा नाही, गुडघा सांभाळ. रविवारी नुसती पायऱ्यांनी पाण्यात उतर आणि चार हात मारून बाहेर ये. सूर काय, तो त्यांचा त्यांना आठवेल. तू मला जे सांगितलंस तेच मी तुला सांगेन, फक्त ओरडणार नाही. उथळ बाजूला पाणी कमरेइतकंच आहे. पोटाखाली माझा हात असेल. तू म्हणशील तेव्हाच काढीन.